लॅबव्ह्यूमध्ये आधी काय, नंतर काय?

सी किंवा पायथनचा प्रोग्राम वरून खाली, ओळीने चालतो. नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सने 1986 मध्ये आणलेल्या लॅबव्ह्यूमध्ये मात्र ओळी नसतात. ब्लॉक डायग्रामवर असतात नोड आणि त्यांना जोडणाऱ्या वायर. मग क्रम ठरतो कसा?

डावीकडचा नोड आधी चालतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही! नियम एकच आहे : जोडलेल्या सगळ्या इनपुटवर डेटा आला की नोड चालतो आणि काम संपल्यावरच आउटपुट देतो. वरणाला फोडणी द्यायची तर डाळ शिजलेली हवी आणि फोडणीही तयार हवी. पण या दोन्हींत आधी काय झालं, याने काही बिघडत नाही. तसंच, ज्या दोन नोडमध्ये वायरचा संबंध नाही, त्यांचा क्रम लॅबव्ह्यू ठरवून देत नाही.

आता प्रयोगशाळेतलं उदाहरण घ्या. मीटरला 'रीडिंग पाठव' अशी कमांड लिहायची, मग उत्तर वाचायचं. राइट आणि रीड हे नोड नुसते शेजारी ठेवले, तर रीड आधी चालू शकेल आणि टाइमआउट येईल. मीटरच्या जागी हीटर आणि पंखा असेल तर? पंख्याआधी हीटर सुरू झाला की नुकसान ठरलेलंच.

उपाय सोपा आहे. राइटचा 'एरर आउट' रीडच्या 'एरर इन'ला जोडा. आता रीडला थांबावंच लागेल. दुसरा फायदा असा, की राइटमध्ये चूक झाली तर रीड आपलं काम न करता तीच चूक पुढे पाठवतो. शेवटचा क्लोज नोड मात्र चूक आली तरी चालतो, म्हणून पोर्ट अडकून राहत नाही.

वेट फंक्शनला एरर टर्मिनल नसतं. तिथे एका फ्रेमची फ्लॅट सिक्वेन्स घ्या, वेट आत ठेवा आणि एरर वायर फ्रेममधून आरपार न्या. फ्रेम संपल्याशिवाय वायर पुढे जाणार नाही. पण अख्खा प्रोग्राम सिक्वेन्समध्ये कोंबू नका. चूक आली तरी उरलेल्या फ्रेम चालतातच, मध्येच बाहेर पडता येत नाही.

सर्वात फसवी गोष्ट म्हणजे लोकल व्हेरिएबल. समजा x = 5 आहे. एका ठिकाणी x वाचून दुप्पट करून परत लिहिला, दुसऱ्या ठिकाणी वाचून 3 मिळवून लिहिला, आणि मध्ये वायर नाही. उत्तर किती? क्रमानुसार 13 किंवा 16. दोघांनी एकदमच 5 वाचला, तर 10 किंवा 8! यालाच रेस कंडिशन म्हणतात. दहा वेळा उत्तर बरोबर येईल आणि नेमकं परीक्षेच्या दिवशी चुकेल.

बल्बच्या चिन्हाचं 'हायलाइट एक्झिक्युशन' बटण दाबून डेटा कसा सरकतो ते जरूर पाहा. पण त्याने प्रोग्राम मंद होतो, त्यामुळे रेस लपूही शकते. म्हणून प्रत्येक जोडीबद्दल स्वतःला विचारा : याच्या आधी ते व्हायलाच हवं का? हो, तर दोघांमध्ये वायर कुठे आहे? ती बोटाने दाखवता आली पाहिजे.