दीड कोटींत एक मीटर

9 मे 2025 पासून मुंबईत बेस्टच्या साध्या बसचं किमान भाडं 5 रुपयांवरून 10 रुपये झालं, एसी बसचं 6 वरून 12. पाच रुपयांत हल्ली कटिंगसुद्धा मिळत नाही, तेव्हा ही वाढ कुणाला किरकोळ वाटेल. पण त्या वेळी बेस्टच्या बसमधून रोज सुमारे 30 लाख प्रवासी जात होते. पासवाल्यांचा हिशेब बाजूला ठेवून प्रत्येकाने पाचच रुपये जादा मोजले असं धरलं, तरी दिवसाला दीड कोटी होतात. वर्षाला सुमारे 548 कोटी.

आता याच शहरातला कोस्टल रोड बघा. लांबी 10.58 किलोमीटर, खर्च जवळपास 14 हजार कोटी. म्हणजे मीटरला साधारण 1 कोटी 32 लाख! तीस लाख माणसांनी दिवसभर जादा मोजलेल्या पैशांत या रस्त्याचा मीटरभराहून थोडासाच जास्त तुकडा होतो. वर्षभराच्या पैशांत सुमारे 414 मीटर. आणि ज्या रस्त्यासाठी पालिकेने हे 14 हजार कोटी ओतले, त्यावर गाडीवाल्याला टोल नाही.

बेस्ट काही परकी नाही. 7 ऑगस्ट 1947 पासून ती मुंबई महापालिकेची आहे. त्या पालिकेचा 2025-26चा अर्थसंकल्प 74,427 कोटींचा, त्यात बेस्टसाठी 1,000 कोटी. शंभर रुपयांतला एक रुपया आणि वर चौतीस पैसे. तीस लाख प्रवाशांवर रोज वाटले तर डोईला नऊ रुपये पडतात. बेस्ट तोट्यात आहे हे खरंच, पण पाणी आणि दिवाबत्तीसारखीच बस ही शहराची गरज आहे. ती नफ्यात चालावी असा हट्ट का?

घरकामाला बसने जाणाऱ्या बाईचं बघा. जाऊन-येऊन दोन तिकिटं, महिन्याचे 26 दिवस. पूर्वी 260 रुपये लागायचे, आता 520. बस बदलावी लागली तर 1,040. हे पैसे भाजी-दुधातून काढायचे. बरं, जादा भाडं देऊन बस तरी वेळेवर यावी! पंधरा वर्षांपूर्वी बेस्टकडे साडेचार हजारांच्या आसपास गाड्या होत्या. भाडं वाढलं तेव्हा त्या तीन हजारांच्याही खाली आल्या होत्या.

किमान भाडं पाच रुपयांवरच ठेवायला लागणारे ते 548 कोटी पालिकेच्या त्या वर्षाच्या अर्थसंकल्पात शंभरामागे 74 पैसेही होत नाहीत. ते पालिकेनेच द्यायला हवे होते.