नवी थार दारात आणताय? किमतीआधी कर्ज आणि विमा यांचं गणित मांडा

पारोळा : कापसाचा पैसा हातात आला की तालुक्यात दोन गोष्टी होतात. एक म्हणजे लग्नाच्या तारखा निघतात आणि दुसरी, शोरूममध्ये गर्दी वाढते. दसरा, दिवाळी, पाडवा आणि आपली आखाजी, हे सगळे गाडी घ्यायचे मुहूर्त. पूर्वी ट्रॅक्टर किंवा बोलेरो यायची. आता पोरांना थार पाहिजे. ती नाही जमली तर निदान केटीएम किंवा आर-वन-फाइव्ह. खरी स्पोर्ट्स कार आपल्याकडे महामार्गावर एखादवेळेस दिसते, धुळ्याकडून येते आणि जळगावकडे निघून जाते. गावात तिची हौस भागवते ती थार, आणि ती तयार होते शेजारच्या नाशिकला.

गाडी घेऊ नका असं सांगण्यासाठी हा लेख नाही. पण शोरूमवाला किंमत सांगतो, फायनान्सवाला हप्ता सांगतो, आणि या दोघांच्या मधला आकडा कोणीच सांगत नाही. तो असा : गाडी उद्या गेली तर विम्याचे किती मिळतील आणि बँकेचे किती बाकी असतील?

एक हिशोब करून पाहू

समजा डिझेल गाडी आहे आणि एक्स-शोरूम किंमत साडेबारा लाख. दहा ते वीस लाखांच्या डिझेल गाडीला महाराष्ट्रात रोड टॅक्स १४ टक्के, म्हणजे १ लाख ७५ हजार. विमा, नोंदणी, फास्टॅग आणि बाकी किरकोळ धरून ऑन-रोड झाली साधारण १५ लाख. तीन लाख रोख भरले आणि १२ लाखांचं कर्ज काढलं. व्याज साडेनऊ टक्के धरू.

सात वर्षांची मुदत घेतली तर हप्ता बसतो १९,६१३ रुपये. पाच वर्षांची घेतली तर २५,२०२. फायनान्सवाला सात वर्षांचंच सुचवतो, कारण हप्ता हलका दिसतो. पण सात वर्षांत व्याज जातं ४ लाख ४७ हजार, पाच वर्षांत ३ लाख १२ हजार. फरक सव्वा लाखाच्या वर.

खरी मेख याच्या पुढे आहे. विमा कंपनी गाडीची जी किंमत धरते तिला आयडीव्ही म्हणतात. ती एक्स-शोरूम किमतीवर ठरते. रोड टॅक्स आणि विम्याचे पैसे त्यात धरत नाहीत, ते पहिल्या दिवशीच गेले. गाडी सहा महिन्यांच्या आत असेल तर ५ टक्के घट, वर्षाच्या आत १५, दुसऱ्या वर्षात २०, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४० आणि पाचव्या वर्षात ५० टक्के.

आता आपल्या गाडीला हे लावा. वर्ष संपून विमा नवा करताना आयडीव्ही राहते १० लाख. सात वर्षांच्या कर्जात तेव्हा बाकी असते १० लाख ७३ हजार. दोन वर्षांनी आयडीव्ही पावणेनऊ लाख, बाकी ९ लाख ३४ हजार. तीन वर्षांनी आयडीव्ही साडेसात, बाकी ७ लाख ८१ हजार. म्हणजे तीन वर्षं नेमाने हप्ते भरूनसुद्धा, गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण चेंदामेंदा झाली तर विम्याच्या पैशातून कर्ज फिटत नाही. विम्याचा पैसा आधी बँकेकडे जातो, कारण आरसीवर बँकेचा बोजा असतो. गाडी गेली, सुरुवातीचे तीन लाख गेले, आणि वरून खिशातून भरायचे. पाच वर्षांच्या कर्जात हेच चित्र दोन वर्षांत पालटतं : आयडीव्ही पावणेनऊ लाख, बाकी ७ लाख ८७ हजार.

जुन्या बाजारात थारला आयडीव्हीपेक्षा जास्त भाव मिळतो, असं कोणी म्हणेल. मागणीच्या गाडीला मिळतोही. पण विकली तर. जळाली, चोरली, उलटली तर बाजारभाव कोणी विचारत नाही, पॉलिसीवरचा आकडाच चालतो. आणि बाजारभावाचाही भरवसा किती धरायचा? २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी बदलला आणि थारची काही मॉडेल १ लाख ३५ हजारांपर्यंत स्वस्त झाली. नवीन घेणाऱ्याला आनंद झाला. महिनाभर आधी घेतली होती, त्याच्या गाडीचा भाव मात्र दारात उभ्या उभ्या उतरला.

हा खड्डा बुजवायचे रस्ते दोनच. रोख जास्त भरा आणि मुदत कमी ठेवा, हा पहिला. दुसरा, विम्यासोबत 'रिटर्न टू इनव्हॉइस' नावाचं जोड-कवच मिळतं ते घ्या. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला तर त्यात बिलाची मूळ किंमत मिळते. साधारण पहिली दोन-तीन वर्षंच ते देतात, आणि आपल्याला गरजही तेव्हाच असते. रोड टॅक्स त्यात धरलाय की नाही, ते पॉलिसीत वाचून घ्या.

हप्ता महिन्याला, कापूस वर्षाला

१९,६१३ चा हप्ता म्हणजे वर्षाला २ लाख ३५ हजार. २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये आहे. त्या भावाने हे २९ क्विंटल झाले. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल धरला तर जवळपास सहा एकरांचा सगळा कापूस, वेचणी, बियाणं, फवारणी काहीच वजा न करता. डिझेल वेगळं. नोकरदाराचा पगार दर महिन्याला येतो, म्हणून मासिक हप्ता त्याच्यासाठी ठीक. आपला पैसा दिवाळी ते होळीच्या दरम्यान येतो आणि जूनमध्ये बी-बियाण्यात जातो. ऑगस्ट-सप्टेंबरात हप्ता उसळतो तो यामुळे. एकदा उसळला की बँकेचा दंड वेगळा, फायनान्सवाल्याचा वेगळा, आणि सिबिलला डाग पडतो तो निराळाच.

ट्रॅक्टरच्या कर्जाला सहामाही हप्ते मिळतात हे सगळ्यांना माहीत आहे. कारच्या कर्जालाही शेती उत्पन्नावर तशी सोय आहे का, हे बँकेत विचारायला लाज कसली? नाहीच मिळाली तर कापूस विकल्याबरोबर सहा-आठ हप्त्यांची रक्कम वेगळ्या खात्यात टाकून ठेवायची आणि त्या खात्याला हात लावायचा नाही.

सिबिलचा मुद्दा गावात अजून नीट पोहोचलेला नाही. कर्जमाफी होईल या आशेवर पीक कर्ज थकवलेलं असतं, आणि बँक कार लोनला नाही म्हणते ती त्यामुळे. मग माणूस खासगी फायनान्सकडे जातो आणि तिथे 'दहा टक्के फ्लॅट' ऐकून खूश होतो. फ्लॅट म्हणजे पूर्ण रकमेवर पूर्ण मुदतीचं व्याज, मुद्दल कितीही फिटलं तरी. दहा लाखांवर पाच वर्षांचे पाच लाख. बँकेच्या घटत्या शिलकीच्या पद्धतीने मोजलं तर हा दर १७ टक्क्यांच्या वर पडतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने अशा कर्जांसाठी मुख्य माहितीपत्रक सक्तीचं केलं आहे. सगळे खर्च धरून वार्षिक दर किती, हे त्यात लिहावंच लागतं, आणि ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवं. सही करण्याआधी तो कागद मागा. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड किती, तेही त्यातच पाहा. कार लोन बहुतेक वेळा स्थिर दराचं असतं आणि त्यावर हा दंड लागू शकतो.

जामीनदाराचं एक सांगायला हवं. भाऊ, काका, नाहीतर शालक सही करून मोकळा होतो. हप्ते थकले, गाडी ओढून नेली आणि लिलावात कमी पैसे आले, तर राहिलेली रक्कम जामीनदाराकडूनही वसूल होते. वसुलीवाल्यांनाही नियम आहेत : सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, धाकदपटशा करायचा नाही. रस्त्यात गाडी अडवून चावी हिसकावली तर पोलिसांत तक्रार करता येते.

विमा आहे, पण कशाचा?

नवीन कारला तीन वर्षांचा आणि दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा १ सप्टेंबर २०१८ पासून सक्तीचा आहे. त्यामुळे बऱ्याच जणांचा समज होतो की विमा तीन वर्षांचा भरलाय, आता बघायला नको. थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. आपल्या गाडीचा विमा बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. तो संपून ९० दिवस उलटले तर क्लेम न केल्याची सवलतही जाते. ही सवलत २० टक्क्यांपासून सुरू होऊन पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत जाते. ती गाडीची नसते, मालकाची असते. जुनी गाडी विकून नवी घेताना कंपनीकडून तसं पत्र घेतलं तर नव्या गाडीला लावता येते.

शोरूममधूनच विमा घेतला पाहिजे असं बंधन नाही. दोन-तीन ठिकाणचे दर मागवा, फरक दिसेल.

'झिरो डेप' घ्यावं का? नव्या गाडीला घ्यावं. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरी यांचे निम्मेच पैसे मिळतात. आजच्या गाडीचा बंपर, आरशाचं कव्हर, मडगार्ड सगळं प्लॅस्टिक. वीस हजारांचा बंपर फुटला तर दहा हजार तुमचे. इंजिनचं कवचही विचारून घ्या. पावसाळ्यात फरशीवरून पाणी वाहत असताना थार आहे म्हणून गाडी घालणारे बरेच आहेत. इंजिनात पाणी शिरून बंद पडली आणि तशीच सेल्फ मारली तर इंजिन आतून मोडतं, आणि साध्या पॉलिसीत ते बसत नाही. पाण्यात बंद पडली तर सेल्फ न मारता ओढून बाहेर काढायची.

क्लेम अडतो तो आणखी दोन-तीन कारणांनी. पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी लग्नात भाड्याने दिली आणि अपघात झाला, तर खासगी वापराच्या पॉलिसीत कंपनी हात वर करू शकते. भाच्याच्या वरातीला फुकट दिली तर गोष्ट वेगळी, पैसे घेतले की वेगळी. दुसरं, बदल. पुढे लोखंडी गार्ड लावलं, रुंद टायर टाकले, काचा काळ्या केल्या. गार्डला केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच मनाई केली आहे, काळ्या फिल्मवर २०१२ पासून सर्वोच्च न्यायालयाची बंदी आहे. हौसेचे पन्नास हजार घालून गाडीची किंमत वाढत नाही. जुन्या बाजारात घेणारा आधी हेच बघून भाव पाडतो.

तिसरं कारण सगळ्यात महाग आहे, ते म्हणजे बिनलायसन पोरगं. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण इंजिनीअर गेले. गाडी अल्पवयीन मुलगा चालवत होता, असा पोलिसांचा आरोप आहे. एवढ्या महागड्या स्पोर्ट्स कारची कायमची नोंदणीही झालेली नव्हती, १,७५८ रुपये फी भरायची राहिली होती, असं परिवहन विभागाने तेव्हा सांगितलं. आपल्याकडे हेच दुचाकीवर रोज चालतं, फक्त बातमी होत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ नुसार पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. त्याहून जड गोष्ट पुढे आहे : मयताच्या कुटुंबाला विमा कंपनीने पैसे दिले, तरी न्यायाधिकरण ते मालकाकडून वसूल करायची मुभा कंपनीला देतं. तो आकडा लाखांत असतो, आणि भरायला शेवटी शेतच विकावं लागतं.

ऊन, धूळ, उंदीर

सिरॅमिक कोटिंग, पीपीएफ वगैरे शोरूममध्ये गळ्यात मारतात. गावात त्यापेक्षा पत्र्याचं शेड कामाचं. मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो तेव्हा डॅशबोर्ड, रबर, रंग तिन्ही मरतात. झाडाखाली लावायची तर पक्ष्यांची घाण त्याच दिवशी पुसा, ती रंग खाते. बोअरच्या जड पाण्याने धुतली तर लगेच कोरड्या फडक्याने पुसा, नाहीतर पांढरे डाग बसतात. खळ्यात किंवा गोठ्याजवळ गाडी लावली की धान्यामागे उंदीर येतात आणि वायरिंग कुरतडतात. आठवडाभर गाडी उभी राहणार असेल तर बॉनेट उघडून बघत जा. युरियाच्या गोण्या आणि फवारणीचे डबे डिकीत नेऊ नका, पत्रा गंजतो आणि वास जात नाही. सर्व्हिस वेळेवर करा आणि प्रत्येक बिल फाइलला लावा. वॉरंटीला ती बिलं लागतात, आणि विकताना किलोमीटर खरे आहेत हे त्यांनीच पटतं.

विकताना बँकेचा बोजा आधी उतरवा. कर्ज फिटलं की बँकेकडून एनओसी आणि फॉर्म ३५ घ्या आणि आरटीओत लगेच लावा, कारण एनओसी तीन महिनेच चालते. घेणाऱ्याच्या नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. नुसतं स्टॅम्पपेपरवर लिहून चावी दिली तर काय होतं, ते सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे गेली होती, पण आरटीओच्या दप्तरी नाव पहिल्याचंच होतं. अपघाताची भरपाई त्याच्यावरच आली. जुनी गाडी घेणाऱ्यानेही आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहावा, आणि १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करून घ्यावा.