द्राक्षबागेतल्या स्टिकरचा वर्णपट

ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर तासगाव, मिरजेपासून साताऱ्यातल्या खटाव, फलटणपर्यंतच्या द्राक्षबागांत डाऊनी आणि भुरीविरुद्धच्या फवारण्यांचा हंगाम सुरू होतो. पानावर मेणाचा थर असतो. नुसत्या पाण्याचा थेंब त्यावर गोळा होऊन घरंगळतो. म्हणून औषधात स्टिकर किंवा स्प्रेडर मिसळतात. त्यातला कामाचा घटक बहुतेकदा अनायनी पृष्ठसक्रिय द्रव्य असतो. त्याच्या रेणूचे एक टोक तेलकट, दुसरीकडे इथिलीन ऑक्साईडच्या कड्यांची पाणी धरणारी साखळी; विद्युतभार मात्र नाही, त्यामुळे बोअरच्या जड पाण्यातही ते फुटत नाही. पाण्याचा पृष्ठताण सुमारे 72 मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. साधे अनायनी द्रव्य तो 30 च्या आसपास आणते, सिलिकॉनयुक्त द्रव्य 20 ते 22 पर्यंत.

यांतले कोणते द्रव्य बाटलीत आहे, हे डोळ्यांना कळत नाही. अवरक्त वर्णपटात 1100 प्रति सेंटीमीटरजवळचा रुंद पट्टा इथर साखळीची खूण देतो. सिलिकॉनचा पट्टाही तिथेच मिसळतो, म्हणून सिलिकॉनसाठी 1260 जवळची टोकदार रेघ पाहावी लागते. नोनिलफिनॉलवर आधारलेले द्रव्य अतिनील प्रकाशात 275 नॅनोमीटरच्या आसपास शोषण दाखवते. मेदाल्कोहोलपासून केलेले दाखवत नाही. ही तपासणी महत्त्वाची आहे, कारण नोनिलफिनॉल निसर्गात टिकून राहते आणि माशांच्या संप्रेरकांत ढवळाढवळ करते. युरोपीय संघाने त्याच्या वापरावर 2003 मध्येच निर्बंध घातले.

साखळीची लांबी मात्र एनएमआर (अणुकेंद्रीय चुंबकीय अनुनाद) वर्णपटच सर्वांत नेटकेपणाने सांगतो. नोनिलफिनॉलच्या वलयावरचे 4 हायड्रोजन 7 पीपीएमच्या आसपास दिसतात, साखळीतले साडेतीन ते सव्वाचार पीपीएमच्या दरम्यान. वलयाचे क्षेत्रफळ 4 धरले आणि साखळीचे 39 भरले, तर त्यातून टोकाच्या हायड्रॉक्सिलचा 1 वजा करायचा. उरलेल्या 38 ला 4 ने भागले की साडेनऊ कड्या. अर्धी कडी कुठल्याच रेणूत नसते; बाटलीत लहानमोठ्या साखळ्यांचे मिश्रण असते आणि हा आकडा त्यांची सरासरी आहे. कड्या कमी असतील तर द्रव्य तेलाकडे झुकते, वाढल्या की पाण्यात सहज विरघळते.

मात्रेसाठी पायरीन हा प्रतिदीप्त पदार्थ उपयोगी पडतो. द्रव्याचे रेणू पाण्यात एकत्र येऊन मायसेल बनवू लागले की पायरीन त्यांच्या तेलकट गाभ्याकडे सरकते आणि त्याच्या 373 व 384 नॅनोमीटरच्या शिखरांचे गुणोत्तर घसरते. ही घसरण होते त्या प्रमाणापुढे द्रव्य वाढवले तरी पृष्ठताण फारसा उतरत नाही. मात्रा फार झाली, तर पसरलेले औषध पानाच्या कडेने ओघळून जमिनीवर जाते.