वीस मिनिटं नळाखाली

भाची तेव्हा दीड वर्षाची होती. टीपॉयवरच्या पेपरचं टोक तिनं ओढलं आणि त्यावर ठेवलेला चहाचा कप तिच्या हातावर उलटला. घरात आम्ही पाच मोठी माणसं. एकीनं बर्फ काढला, आजी हळदीचा डबा शोधायला लागली, मी बाथरूममधून टूथपेस्ट आणली आणि मीच जिंकले. पुढे दवाखान्यात तो वाळलेला पांढरा पापुद्रा पोळलेल्या कातडीवरून काढताना पोर जेवढी रडली, तेवढी चहा सांडल्यावरही रडली नव्हती.

गॅस बंद केला तरी पातेल्यातला भात आतल्या वाफेवर शिजत राहतो. पोळलेल्या कातडीचंही तसंच होतं. चहा पुसला, तरी शिरलेली उष्णता खालच्या थरांकडे उतरत राहते आणि जखम खोल होत जाते. लहान मुलांची कातडी मोठ्यांपेक्षा पातळ, त्यामुळे ती लवकर आणि खोल पोळते. आपल्याला ‘कोमट झालाय’ वाटणारा, दहा-पंधरा मिनिटांपूर्वी ओतलेला चहाही तान्ह्याला पोळायला पुरेसा असतो.

म्हणजे पहिलं काम उष्णता बाहेर काढण्याचं, आणि ते वाहतं गार पाणीच करतं. टूथपेस्ट थंड वाटते ती पुदिन्यासारख्या वासाच्या अर्कामुळे. आतली उष्णता असते तिथेच. तूप, तेल, मलम यांचा थर तर उष्णतेला बाहेर पडू देत नाही. हळदीनं रंग चढतो आणि जखम किती खोल आहे ते डॉक्टरांना दिसत नाही. बर्फानं रक्तवाहिन्या आकसतात, आधीच दुखावलेल्या कातडीचा रक्तपुरवठा तुटतो.

पाणी घालायचं ते वीस मिनिटं, घड्याळ लावून. रडणाऱ्या मुलाला धरून बसलेल्या माणसाला पाच मिनिटंसुद्धा तासासारखी वाटतात, म्हणून अंदाजावर जाऊ नये. लगेच जमलं नाही, तरी तीन तासांच्या आत कधीही घातलं तर उपयोग होतो. आपल्याकडची एक गोम मात्र लक्षात ठेवावी: मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी चटका देण्याइतकं तापलेलं असतं. आधी आपल्या हातावर घेऊन पाहावं. नळाला पाणी नसेल तर पिंपातलं पाणी मगानं हळूहळू ओतत राहावं. पोळलेला भाग गार करायचा, मूल नाही. बाकीचं अंग कोरड्या चादरीत गुंडाळून ठेवावं, विशेषतः तान्ह्याचं. पोळलेला भाग मोठा असेल तर पोर लगेच गारठतं.

पाणी चालू असतानाच भिजलेले कपडे काढायचे, कारण गरम पाणी त्यांनीच धरून ठेवलेलं असतं. कापड कातडीला चिकटलं असेल तर ओढायचं नाही, भोवतीनं कापायचं. बांगड्या, वाळे, अंगठी, मनगटातला काळा दोरा, पोटावर पोळलं असेल तर करदोटाही उतरवायचा. थोड्या वेळात सूज येते आणि मग तेच आवळतात. डायपर तर नक्की काढावा, त्यात गरम पाणी साठून राहतं.

मग स्वच्छ धुतलेला सुती कपडा सैल घालून झाकायचं. कापूस नको, त्याचे तंतू जखमेत अडकतात. फोड आले तर ते फोडायचे नाहीत. आतलं पाणी आणि वरची पातळ कातडी म्हणजे शरीरानं स्वतःच बांधलेली पट्टी.

दवाखान्यात कधी न्यायचं? मुलाचा तळहात, बोटांसकट, म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण १ टक्का. त्याहून मोठी जखम असेल तर न्यायचंच. चेहरा, हात, पाऊल, सांधे किंवा लघवीची जागा पोळली असेल, विजेचा धक्का बसला असेल किंवा अ‍ॅसिड अंगावर सांडलं असेल, तर जखम लहान दिसली तरी न्यायचंच. आणि एक फसवी खूण: पांढरी किंवा तपकिरी पडलेली, चामड्यासारखी कातडी दुखत नाही. तिथल्या जाणिवेच्या नसाच जळलेल्या असतात. ‘रडत नाही, म्हणजे थोडंच असेल’ हा निष्कर्ष तिथे उलटा पडतो. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ लावावा. गाडीची वाट पाहताना पाण्याची वीस मिनिटं पूर्ण करावीत. धनुर्वाताची लस कधी दिली तेही डॉक्टर विचारतील, तेव्हा लसीकरणाचं कार्ड सोबत घ्यावं.

पुढच्या आठ-दहा दिवसांत ताप आला, अंगावर पुरळ उठलं किंवा मूल मलूल झालं, तर जखम किरकोळ दिसत असली तरी पुन्हा दाखवायचं.

दिवाळीतल्या फुलबाजीचंही गणित हेच. तिच्या ठिणग्यांची आपल्याला भीती वाटते, पण विझल्यावर अंगणात टाकलेली तार बराच वेळ तापलेली असते आणि त्यावर अनवाणी पाय पडतो. म्हणून विझलेल्या तारा टाकायला पाण्याची बादली जवळ असावी. आमच्याकडे आता ती बादली भाचीच भरून ठेवते.