विहिरीचें पाणी वर कोण चढवितो?

विद्यार्थिमित्रहो, जळोचीच्या किंवा बारामती-इंदापूर भागांतील कोणत्याहि गांवच्या वृद्ध शेतकऱ्यास त्याच्या तरुणपणींच्या मोटेविषयीं विचारून पाहा. विहीर ४० फूट खोल असो कीं ५०, नाडा लांब केला म्हणजे मोट पाण्यास टेके. बैल धावेवरून उतरूं लागले कीं ती भरून वर येई व थारोळ्यांत रिती होई. आतां त्याच विहिरीच्या कांठावर विजेचा पंप बसवा. पावसाळ्यांत तो धो धो पाणी देईल. परंतु वैशाखांत पाणी ३५ फूट खालीं गेलें, म्हणजे मोटार नुसती फिरत राहील आणि नळींतून थेंबहि येणार नाहीं. घरधनी म्हणतो, पंप बिघडला. कारागीर येतो, पंप उघडून पाहतो. दोष सांपडत नाहीं, पण पैसे मात्र खर्च होतात. दोन बैलांस जें साधत होतें, तें ५ अश्वशक्तीच्या यंत्रास कां साधूं नये?

या प्रश्नाचें उत्तर पंपांत नाहीं, हवेंत आहे. तें समजण्यासाठीं प्रथम 'दाब' म्हणजे काय तें पाहूं. चिखलांत उभें राहिल्यास पाय रुततो. त्याच चिखलावर फळी टाकून उभें राहिल्यास रुतत नाहीं. आपलें वजन तेंच असतें, परंतु फळीमुळें तें अधिक जागेवर वांटलें जातें. ठराविक जागेवर, म्हणजे समजा १ चौरस सेंटिमीटरवर, जेवढा भार पडतो त्यास दाब म्हणावयाचें.

पाण्यास वजन आहे, म्हणून पाणीहि दाबतें. पत्र्याच्या एका रिकाम्या डब्यास खिळ्यानें एकावर एक अशीं तीन भोंकें पाडा व डबा पाण्यानें भरा. वरच्या भोंकांतून धार कशीबशी ओघळेल. सर्वांत खालच्या भोंकांतून ती जोरानें उसळेल. जसजसें खोल जावें तसतसें वरच्या पाण्याचें ओझें वाढतें. शिवाय भोंकें बाजूस असूनहि धारा निघाल्या. यावरून पाणी केवळ खालींच नव्हे, तर सर्व दिशांस दाबतें हेंहि सिद्ध झालें. १० मीटर खोलीवर पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारें १ किलोग्रॅम असतो. मग तें पाणी अरुंद विहिरींतलें असो वा विस्तीर्ण जलाशयांतलें. दाब खोलीवर अवलंबून असतो, रुंदीवर नव्हे. आपल्या नीरा कालव्यास पाणी पुरविणाऱ्या भाटघरच्या धरणाची भिंत माथ्यापेक्षां तळाशीं फार जाड कां आहे, याचें कारण हेंच.

आतां हवेकडे वळूं. हवा दिसत नाहीं, म्हणून तिला वजन नाहीं असें आपणांस वाटतें. पण आपण सर्व हवेच्या एका अथांग सागराच्या तळाशीं राहतों. समुद्रसपाटीवर तिचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारें १ किलोग्रॅम भरतो. तळहाताचें क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर धरल्यास त्यावर ज्वारीच्या एका मोठ्या पोत्याएवढा, म्हणजे १०० किलोग्रॅम भार झाला! हात चिरडत नाहीं, कारण हवा हाताच्या खालूनहि तितक्याच जोरानें वर ढकलीत असते.

हें खोटें वाटत असेल, तर घरीं एक प्रयोग करा. बादलींतील पाण्यांत तांब्या बुडवून पूर्ण भरा, पाण्याखालींच पालथा करा, आणि तोंड पाण्याबाहेर येऊं न देतां हळूहळू वर उचला. तांब्यांतील पाणी खालीं पडत नाहीं. बादलींतील पाण्यावर बाहेरची हवा दाबीत असते. तोच दाब तांब्यांतलें पाणी उचलून धरतो. तोंड पाण्याबाहेर काढतांच हवा आंत शिरते आणि पाणी भळकन् सांडतें.

पंपाचें काम असेंच आहे. त्यांतील चक्र वेगानें फिरून पाणी बाहेर फेकतें, तेव्हां चक्राच्या मध्याशीं दाब कमी होतो. विहिरींतील पाण्यावर मात्र हवेचा दाब पूर्ववत् असतो. तो पाण्यास नळींतून वर ढकलतो. पंप पाणी ओढतो असें आपण म्हणतों. वस्तुतः पंप वाट मोकळी करून देतो, आणि ढकलण्याचें काम हवा करते. हवेचें सामर्थ्य ठराविक आहे. समुद्रसपाटीवर ती पाणी फार तर १०.३ मीटर, म्हणजे ३४ फूट चढवूं शकते. त्यापुढें यंत्र ५ अश्वशक्तीचें लावा कीं ५० च्या, व्यर्थ होय.

ही गोष्ट जगास कळली तीहि पंपापासूनच. पाणी एका मर्यादेपलीकडे चढत नाहीं, ही कारागिराची तक्रार गॅलिलिओनें १६३८ सालच्या आपल्या ग्रंथांत नमूद केली. पुढें टॉरिसेली यानें पाण्याऐवजीं त्याहून साडेतेरा पट जड असा पारा घेतला. तो नळींत सुमारें ७६ सेंटिमीटरच चढून राहिला. पास्कल यानें विचार केला कीं, हें काम हवेच्या वजनाचें असेल, तर डोंगरावर हवा कमी असल्यानें पारा उतरला पाहिजे. १६४८ सालीं त्याच्या मेहुण्यानें फ्रान्समधील प्यूय द दोम नांवाच्या डोंगरावर नळी नेऊन पाहिली, आणि पारा खरोखरच उतरला.

हाच हिशेब आपल्या गांवास लावूं. बारामतीचा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारें ५५० मीटर उंचीवर आहे. त्यामुळें येथें पारा सुमारें ७१ सेंटिमीटर उभा राहतो, आणि पाणी फार तर साडेनऊ मीटरांहून किंचित् अधिक, म्हणजे ३२ फुटांच्या आंत चढेल. त्यांतून नळीचें घर्षण व उन्हाळ्यांत पाण्याची होणारी वाफ वजा करतां, व्यवहारांत ६ ते ७ मीटर, म्हणजे २० ते २३ फूट, हीच मर्यादा धरावी. मोटेस ही अडचण नव्हती, कारण मोट पाण्याखालीं जाऊन तें उचलून आणीत असे. हवेच्या मदतीची तिला गरज नव्हती. पाणबुडी पंपहि पाण्यांतच बसतो आणि पाणी खालून वर ढकलतो. म्हणून तो खोल कूपनलिकेंतूनहि पाणी देऊं शकतो.

आणखी एक बोध घ्यावा. शहाळ्यांत घातलेल्या नळीस टाचणीनें भोंक पाडा. कितीहि चोखा, पाणी नीट येणार नाहीं. पंपाच्या नळीस बारीक चीर गेली किंवा तळाची झडप गळूं लागली कीं तीच गत होते. पंपांत आधीं पाणी भरण्याची, आणि झडप गळत असल्यास शेणकाला ओतण्याची शेतकऱ्यांची रीत या नियमास धरूनच आहे. शेणानें फट बुजते व भरलेलें पाणी गळून जात नाहीं.

शेवटीं एक इशारा. पाणी खालीं गेलें म्हणजे पंप विहिरींत खालच्या टप्प्यावर उतरविणें योग्य आहे. परंतु तेलावर चालणारें इंजिन विहिरींत उतरवून कधींहि चालवूं नये. त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु विहिरींत कोंडून राहतो. त्यास वास नाहीं, रंग नाहीं. कंदील सोडून पाहिला तरी तो विझेलच असें नाहीं. एक मनुष्य बेशुद्ध पडतो, आणि त्यास काढावयास उतरलेला दुसराहि जिवास मुकतो. असा प्रसंग आल्यास आंत उतरूं नये. वरूनच दोर सोडावा व मदत बोलवावी.

म्हणून मुलांनो, येत्या उन्हाळ्यांत पंप बंद पडला, तर कारागीर बोलावण्यापूर्वीं दोरीस दगड बांधून पंपापासून पाण्यापर्यंतचें अंतर मोजा, आणि तें वडिलांस सांगा. अंतर २३ फुटांहून अधिक निघालें, तर पंपाचा दोष नाहीं. तो खालीं उतरविला पाहिजे. दुरुस्तीचे पैसे वांचतील, आणि शाळेंत शिकलेला एक नियम शेताच्या उपयोगीं पडल्याचें समाधान तुम्हांस मिळेल.