जुगाराच्या राजधानीत लॉटरी मिळत नाही!

पैसे लावायला सारं जग ज्या लास व्हेगासला जातं, तिथे लॉटरीचं साधं तिकीट मिळत नाही. नेवाडा राज्याची स्वतःची लॉटरीच नाही! बाहेरच्या लॉटरीचा आकडा फुगला की व्हेगासकर गाडी काढून कॅलिफोर्नियाच्या हद्दीवरचं दुकान गाठतात.

हे शहर वसलं तेही फाशांवर नाही, पाण्यावर. वाफेच्या इंजिनांना पाणी हवं होतं आणि या वाळवंटात झरे होते. मे 1905 मध्ये रेल्वेने इथले भूखंड लिलावात काढले. 1910 मध्ये तर नेवाडाने जुगारावर बंदी घातली होती! ती उठली 1931 मध्ये, ऐन मंदीत. त्याच वर्षी घटस्फोटासाठी राज्यात राहण्याची अट सहा आठवड्यांवर आली आणि हूव्हर धरणाचं कामही सुरू झालं. धरणाच्या मजुरांसाठी सरकारने बोल्डर सिटी वसवली, तिथे जुगाराला मज्जाव. मग पगार हाती पडला की मजूर व्हेगासच्या वाटेला लागत. बोल्डर सिटीत आजही जुगार चालत नाही.

कॅसिनोंनी झगमगणाऱ्या ‘स्ट्रिप’ या रस्त्याचा बहुतेक भाग लास व्हेगास शहरात येतच नाही. महापालिकेची हद्दवाढ आणि तिच्यासोबत येणारे कर टाळण्यासाठी कॅसिनोवाल्यांनी जोर लावला आणि 1950 मध्ये ‘पॅराडाइज’ नावाची वेगळी वस्ती जाहीर करून घेतली.

या रस्त्यावरचं ‘फ्लेमिंगो’ हॉटेल डिसेंबर 1946 मध्ये उघडलं. ते उभारणारा गुंड बग्सी सीगल सहा महिन्यांत गोळ्यांना बळी पडला. वीस वर्षांनी अब्जाधीश हॉवर्ड ह्यूज ‘डेझर्ट इन’मध्ये उतरला. त्याचा मुक्काम हलेना, तेव्हा मालकांनी खोल्या रिकाम्या करायला सांगितलं. ह्यूजने 1967 मध्ये ते हॉटेलच विकत घेतलं! पुढे कायदा बदलून कंपन्यांना कॅसिनोंची दारं उघडली आणि त्यांतला गुंडांच्या टोळ्यांचा पैसा हळूहळू मागे पडला.

1951 पासून व्हेगासहून शंभरेक किलोमीटरवर अणुचाचण्या सुरू झाल्या. हॉटेलं पाहुण्यांना पहाटेचे स्फोट बघायला बोलवत. त्या करमणुकीची किंमत वाऱ्याच्या दिशेला राहणाऱ्या गावांनी मोजली. तिथल्या कॅन्सरग्रस्तांसाठी भरपाईचा कायदा झाला, पण तो 1990 मध्ये.

आता गल्ल्याकडे वळू. स्ट्रिपवरच्या मोठ्या रिसॉर्टांची निम्म्याहून जास्त कमाई आज जुगाराबाहेरची आहे: खोल्या, जेवण, कार्यक्रम, अधिवेशनं. आणि निव्वळ जुगाराच्या उलाढालीत चीनच्या मकाऊने स्ट्रिपला 2006 मध्येच मागे टाकलं.

पण मला या शहराची खरी हुशारी दिसते ती पाण्यात. वर्षाला जेमतेम 10 सेंटिमीटर पाऊस. सुमारे 90 टक्के पाणी कोलोराडो नदीचं, आणि त्या खोऱ्यातल्या राज्यांत नेवाडाचा वाटा सर्वांत लहान. म्हणून घराघरांतल्या नि हॉटेलांतल्या मोऱ्यांचं पाणी शुद्ध करून पुन्हा हूव्हर धरणाच्या मीड सरोवरात सोडतात. जितकं परत जाईल, तितकं नदीतून आणखी उचलायची मुभा! नुसत्या शोभेच्या हिरवळीवर 2021 मध्ये कायद्यानेच बंदी आली. ‘बेलाजिओ’ हॉटेलची नाचरी कारंजीसुद्धा नदीच्या नाही, विहिरीच्या पाण्यावर चालतात. लोकसंख्या लाखोंनी वाढली, तरी हे शहर आज 2002 पेक्षा कमी नदीचं पाणी खर्चतं. दुष्काळाने होरपळणाऱ्या कुठल्याही शहराने इथे येऊन शिकावं ते हे.

आणि हॉटेलांतल्या या सगळ्या खोल्या आवरणारे, ताटं धुणारे हात? त्यांची ‘कलिनरी’ युनियन अमेरिकेतल्या दमदार संघटनांपैकी एक आहे. 1991 मध्ये ‘फ्रंटियर’ हॉटेलचे सुमारे 550 कामगार संपावर गेले. सहा वर्षं उलटली, तरी त्यांच्यातला एकही फुटला नाही. अखेर 1998 मध्ये हॉटेलची मालकी बदलली आणि नव्या मालकाने करार करून त्यांना कामावर परत घेतलं.