फाटकाजवळची बातमी

कळंबोलीत शाळा सुटायच्या आधी आम्हा बायकांचा मेळावा फाटकाजवळ भरतो. लांबून लोखंड बाजाराकडे जाणाऱ्या ट्रेलरची घरघर आणि इकडे आमच्या गप्पा. नळाला पाणी किती वेळ होतं, मेथीची जुडी केवढ्याला, आणि फिरून फिरून मुलांचा अभ्यास!

परवा मात्र शेजारच्या वहिनी गप्प उभ्या होत्या. खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "चौथीत गेला तरी याला जोडाक्षर वाचता येत नाही. बाई म्हणतात, आळशी आहे, घरी लक्ष द्या. अहो, रात्री दहापर्यंत घेऊन बसते मी! तोंडी विचारा, घडाघडा सांगतो. पुस्तक पुढे आलं की रडतो."

यात बातमी कसली, असं तुम्हांला वाटेल. घरोघरी मातीच्या चुली! पण मैत्रिणींनो, असल्याच गाऱ्हाण्यांतून मोठी बातमी निघू शकते.

अमेरिकेत शिक्षणविषयक वार्तांकनासाठी खास राष्ट्रीय पारितोषिकं दिली जातात. त्यांतलं मानाचं पारितोषिक 'न्यूयॉर्क टाइम्स'चे शिक्षण-संपादक फ्रेड हेचिंजर यांच्या नावाचं आहे. शाळेच्या बातमीला एवढा मान कशासाठी, ते टेक्सास राज्याच्या उदाहरणावरून कळतं. तिथं अडखळणाऱ्या मुलांच्या आयांना सांगितलं जाई, तुमच्या मुलाला वेगळ्या मदतीची गरज नाही. ज्या त्या आईला वाटे, आपलंच नशीब खोटं. 'ह्यूस्टन क्रॉनिकल'चे बातमीदार ब्रायन रोझेन्थाल आकड्यांच्या मागे लागले आणि २०१६ साली खरी गोष्ट बाहेर आली. विशेष शिक्षण मिळणारी मुलं शेकडा ८.५ पेक्षा जास्त नसावीत, असं राज्याच्या शिक्षण खात्यानं २००४ मध्येच ठरवून ठेवलं होतं! देशाची सरासरी होती १३ च्या आसपास. हजारो मुलं हक्काच्या मदतीला मुकली होती. ही लेखमाला २०१७ मध्ये पुलित्झर पारितोषिकाच्या अंतिम फेरीत पोचली. त्याहून मोलाचं म्हणजे, त्याच वर्षी अशी मर्यादा घालायला कायद्यानं बंदी झाली.

आपल्याकडे पी. साईनाथ १९९० नंतरच्या दशकात देशातल्या अत्यंत गरीब जिल्ह्यांतून हिंडले. शेती, पाणी, आरोग्य यांच्याबरोबर खेड्यांतल्या शाळांवरही त्यांनी लिहिलं. 'दुष्काळ आवडे सर्वांना' हे त्यांचं पुस्तक मराठीतही आहे. २००७ साली त्यांना पत्रकारितेसाठी मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पण बातमीदार आपल्या फाटकाशी कधी येईल, याची वाट बघत मुलाचं वर्ष का घालवायचं? त्यांच्यासारखी नोंद आपणही ठेवू शकतो.

वहिनींना मी म्हटलं, आधी मुलाचे डोळे आणि कान तपासून घ्या. पुष्कळदा फळाच दिसत नसतो. ते ठीक असेल, तर ही अध्ययन अक्षमता असू शकते. म्हणजे बुद्धी चांगली असते, पण वाचणं, लिहिणं किंवा गणित जमत नाही. हा आळस नव्हे. मारून-ओरडून तो जात नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिची स्पष्ट नोंद आहे. रीतसर प्रमाणपत्र असलं, तर दहावीच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. या तपासणीची सोय मुंबईत शीवच्या टिळक रुग्णालयात आहे. आपल्या हमरस्त्यानं सरळ गेलं की आलंच!

दुसरं, एक साधी वही करा. मूल कुठे अडतं, कोणती अक्षरं उलटी काढतं, बाई कोणत्या तारखेला काय म्हणाल्या, ते लिहून ठेवा. शाळेला सांगायचं ते अर्जानं सांगा आणि नकलेवर पोच घ्या. तोंडी बोलणं हवेत विरतं.

तिसरं, सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं व्यवस्थापन समिती सांगितली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका हव्यात. तुमच्या शाळेतल्या त्या बायका कोण, ठाऊक आहे? नसेल तर उद्याच विचारा.

काल वहिनी फाटकाजवळ भेटल्या. पिशवीतून शंभर पानी वही काढून दाखवली. पहिल्या पानावर तारीख घालून लिहिलं होतं : 'डोळे तपासले. नंबर नाही. सोमवारी शीवला.' खाली मुलानं पेन्सिलीनं एक ट्रेलर काढला होता, चाकं मोजून अठरा.